‘कॅन्सर नाही’ हे ऐकल्यानंतर

मानेवर गाठ असलेल्या मुलाचे आईवडील डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येतात तेव्हा सगळ्या बोलण्यातलं एकच वाक्य त्यांनी घट्ट धरून ठेवलेलं असतं: कॅन्सर नाही. ते खरं असतं आणि त्या घडीला तेवढंच पुरेसं वाटतं. आजीने बोललेला नवस फेडला जातो. कागद पिशवीत जातात, पिशवी खुंटीला लागते. मग एखाद्या पावसाळ्यात मुलाला सर्दी होते, अंगात ताप भरतो आणि सकाळी उठून पाहावं तर गाठ रातोरात दुप्पट झालेली असते. जिचं ऑपरेशन झालं होतं, जी गेली म्हणून पेढे वाटले होते, तीच गाठ.

मी लहान मुलांच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात नर्स होते. सगळी नोकरी इंदूरला, सरकारी रुग्णालयात झाली. निवृत्त झाल्यावर उज्जैनला परतले. आमचं घराणं शिंदेशाहीत इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, अंगणाबाहेर माळवी. आता राहते ती भैरवगढला. काळभैरवाचं देऊळ, मोठा तुरुंग आणि क्षिप्रेकाठी वाळत घातलेल्या बाटिकच्या चादरी यांसाठी लोक या वस्तीला ओळखतात. छापकाम करणाऱ्यांच्या गल्लीत सकाळपासून मेण वितळल्याचा वास असतो. त्या गल्लीतल्या बाया मुलाला कडेवर घेऊन माझ्या ओट्यावर येतात आणि म्हणतात, “बाईजी, गठान फिर आ गई.” त्यांच्या आवाजात भीती असते आणि भीतीच्या खाली शरम. आपलं काहीतरी चुकलं, डॉक्टरांनी फसवलं किंवा देव कोपला, यांतलं एक त्यांनी मनाशी धरलेलं असतं.

त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. काही गाठी साध्या असतात, जिवावर बेतणाऱ्या नसतात आणि तरीही पुन्हा पुन्हा येतात. त्या परत येण्याला शरीरातलं ठरावीक कारण असतं. ते कारण कळलं की उपचार म्हणजे काय, याची आपली कल्पनाच बदलते.

आधी ओळख पटवायची

मुलांच्या मानेत गाठ लागणं ही रोजची गोष्ट आहे. घसा बसला, दात किडला, डोक्यात उवांनी जखमा झाल्या, तरी मानेतल्या लसिकाग्रंथी सुजतात आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. ओसरल्या नाहीत, एकमेकींना चिकटून पुंजका झाला, ताप रेंगाळला, वजन घटलं तर आपल्याकडे पहिला विचार क्षयाचा करावा लागतो. जुनी माणसं जिला गंडमाळ म्हणत ती बहुधा हीच. तिथे गाठीत सुई घालून घेतलेल्या नमुन्याची तपासणी होते आणि क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. गाठ दगडासारखी कडक असेल, हसळीच्या हाडाच्या वर असेल किंवा भराभर वाढत असेल, तर एक दिवसही न दवडता मोठ्या रुग्णालयात जायचं.

या सगळ्यांहून वेगळ्या असतात त्या जन्मापासून किंवा अगदी लहानपणापासून असलेल्या गाठी. तान्ह्या बाळाच्या मानेच्या एका बाजूला, स्नायूतच, लांबट टणक गाठ लागते आणि बाळ मान एका बाजूला कलती धरतं. ही स्नायूची गाठ बहुतेक बाळांत मानेचे व्यायाम नीट शिकून घेतले की वर्षभरात विरते. तिला सुरी लावायची गरज क्वचितच पडते. जन्मानंतर काही आठवड्यांत उगवणारा, लालभडक वाढत जाणारा रक्तवाहिन्यांचा गोळा वेगळा. तो पहिल्या वर्षात वाढतो आणि नंतर आपणहून ओसरू लागतो. त्याच्यावर प्रोप्रॅनोलॉल हे हृदयविकाराचं जुनं औषध चालतं, हे फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या डॉक्टरांनी 2008 साली जगाला दाखवलं आणि कित्येक मुलांची ऑपरेशनं टळली.

गळ्याच्या मधोमध असलेली, जीभ बाहेर काढली की वर सरकणारी गाठ थायरॉइडच्या जन्मवाटेवर उरलेली असते. ती वरवर कापून काढली तर पुष्कळदा परत येते, कारण तिचं मूळ जिभेच्या बुडापर्यंत गेलेलं असतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे सर्जन वॉल्टर सिस्ट्रंक यांनी 1920 साली या गाठीबरोबर गळ्यातल्या हायॉइड हाडाचा मधला तुकडा आणि जिभेकडे जाणारी वाटही काढायची पद्धत मांडली. आजही तेच ऑपरेशन होतं आणि ते नीट झालं की गाठ परत येण्याचा प्रश्न बहुतेकांच्या बाबतीत मिटतो. फक्त आधी सोनोग्राफीत थायरॉइड जागेवर आहे ना, हे बघून घ्यायचं असतं. एखाद्या मुलाजवळ तेवढीच थायरॉइड असते.

इथे परत येण्याचं कारण सापडलं आणि ते मुळासकट काढताही आलं. पण मानेच्या ज्या गाठींनी आमच्या वॉर्डाला सगळ्यात जास्त दमवलं, त्यांच्या बाबतीत मूळ असं एका जागी नसतंच.

पाण्याच्या पिशव्या

जुन्या पुस्तकांत त्यांना सिस्टिक हायग्रोमा म्हटलेलं असतं. आता डॉक्टर लिम्फॅटिक मालफॉर्मेशन म्हणतात, म्हणजे लसिकावाहिन्यांच्या घडणीतला जन्मजात दोष. काही हजार जन्मांत एखाद्या बाळात तो आढळतो. अशा गाठींपैकी बहुसंख्य मान आणि चेहऱ्यावरच असतात. जवळजवळ निम्म्या जन्मतःच दिसतात आणि दोन वर्षांच्या आत बहुतेक सगळ्या उघड होतात.

वॉर्डात आम्ही खोलीतला दिवा मालवून गाठीला टॉर्च लावायचो. गाठ लाल-गुलाबी उजळून निघायची. आत मांस नसतं, स्वच्छ पिवळसर पाणी असतं, म्हणून उजेड आरपार जातो. हे पाणी म्हणजे लसिका. आपल्या शरीरातल्या पेशींभोवती झिरपलेलं पाणी गोळा करून परत रक्तात सोडायला रक्तवाहिन्यांसारखंच एक नाजूक जाळं असतं. गर्भ सहा-सात आठवड्यांचा असताना मानेतल्या मोठ्या शिरांजवळ या जाळ्याच्या पहिल्या थैल्या तयार होतात. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फ्लॉरेन्स सॅबिन या शास्त्रज्ञ बाईंनी डुकरांच्या गर्भांत रंग टोचून हे जाळं शिरांतूनच फुटतं, असं 1902 साली दाखवून दिलं. जिथे या थैल्यांची शिरांशी नीट जोडणी होत नाही, तिथे पाणी साठत राहतं आणि पिशव्या फुगतात. मानेत या गाठी का जास्त, याचं उत्तर त्यात आहे.

हे असं का होतं, याचा मोठा धागा 2015 साली हाती आला. बोस्टनच्या संशोधकांना या गाठींच्या पेशींत पीआयके3सीए नावाच्या जनुकात बदल सापडला. हा बदल आईकडून किंवा बापाकडून आलेला नसतो. गर्भधारणा झाल्यावर, वाढणाऱ्या गर्भाच्या काही मोजक्या पेशींत तो आपोआप घडतो. बाकी सगळं शरीर निरोगी असतं.

ही गोष्ट मी प्रत्येक आईला दोनदा सांगते. आमच्याकडे अजूनही ग्रहणात सुरी धरली, पोटुशी असताना गाठ मारली, अमुक खाल्लं, म्हणून सुनेला बोल लावतात. वॉर्डात बाळाच्या खाटेशी बसून सासू सुनेला ग्रहणाची तारीख विचारते आहे, हे मी स्वतः ऐकलं आहे. आधीच चार रात्री न झोपलेल्या त्या मुलीला डोळे वर करण्याचंही बळ नव्हतं. त्या पेशींत झालेल्या बदलाचा ग्रहणाशी, खाण्याशी, आईच्या वागण्याशी कसलाही संबंध नाही. पुढच्या बाळाला तो होईलच असंही नाही.

एक वेगळी गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफीत गर्भाच्या मानेमागे पाणी साठलेलं दिसलं, तर त्याचा संबंध गुणसूत्रांतल्या दोषांशी असू शकतो. त्याची पुढची तपासणी आणि सल्ला स्वतंत्रपणे घ्यायला हवा. आणि पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत मानेवर मोठी गाठ दिसली, तर बाळंतपण नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच ठरवावं. जन्मल्या क्षणी त्या बाळाला श्वासासाठी मदत लागू शकते.

परत येण्याचं कारण

या गाठी दोन तऱ्हांच्या असतात. काहींत मोठ्या, हाताला लागतील अशा पिशव्या असतात. काहींत मोहरीएवढ्या असंख्य, स्नायूंत, जिभेत, गालात शिरलेल्या. पुष्कळ मुलांत दोन्ही मिसळलेल्या असतात. बारीक पिशव्यांची गाठ किती पसरली आहे, ते वरून कळत नाही. त्यासाठी एमआरआय करावा लागतो आणि लहान मुलाला त्यासाठी झोपवावं लागतं.

आमच्या गल्लीतल्या बायांना मी हे त्यांच्याच कामातून समजावते. बाटिकच्या कापडावर मेण तडकलं की त्या चिरांतून रंग आत शिरतो आणि धाग्याधाग्यात त्याच्या शिरा उमटतात. मग तेवढाच रंग वेचून काढायचा म्हटलं तर कापड फाटतं. बारीक पिशव्यांची गाठ तशी मानेत शिरलेली असते आणि मानेचं कापड फार मोलाचं आहे. मेंदूला रक्त नेणारी रोहिणी तिथे आहे. आवाजाची, जिभेची, खांदा उचलण्याची, श्वासाच्या पडद्याची अशा सगळ्या नसा तिथून जातात. जबड्याच्या कडेने जाणारी एक बारीक नस खालच्या ओठाला हलवते. ती दुखावली तर मूल रडताना त्याचा ओठ एका बाजूला ओढला जातो आणि कधीकधी ते जन्मभर राहतं.

म्हणून चांगला सर्जन मोठ्या पिशव्या काढतो आणि नसेला चिकटलेला भाग जाणूनबुजून ठेवतो. ऑपरेशननंतर मानेतून नळी काढलेली असते, तिच्या डबीत दिवसेंदिवस पाणी येत राहतं आणि आम्ही रोज ते मोजून लिहायचो. पाणी कमी झालं की नळी निघते, टाके निघतात, मूल घरी जातं. आत उरलेल्या पिशव्यांचा पाण्याशी असलेला संबंध मात्र तुटलेला नसतो. पहिल्या काही वर्षांत त्या हळूहळू भरू लागतात. सर्दी, टॉन्सिल, दातातला पू असं काहीही झालं की सूज त्यांच्यातही उतरते आणि त्या फुगतात. कधी आत थोडं रक्त सांडतं आणि गाठ अचानक ताणून निळसर दिसते. पूर्ण काढलेली गाठही काही मुलांत परत येते. अर्धवट काढलेली येण्याची शक्यता त्याहून बरीच जास्त.

आईवडिलांना परतलेली गाठ हा घात वाटतो. सर्जनच्या दृष्टीने तो त्याने मोजूनमापून घेतलेला निर्णय असतो. त्याने मुलाचा ओठ, आवाज आणि श्वास राखला आणि त्या बदल्यात गाठीचा काही भाग पुढच्या वेळेसाठी ठेवला. हे ऑपरेशनच्या आधी, घरच्या भाषेत, बापालाही आणि आजीलाही बसवून सांगितलं गेलं पाहिजे. नाही सांगितलं तर विश्वास तुटतो आणि घर डॉक्टर बदलत फिरू लागतं. दुसरा डॉक्टर मागची माहिती नसताना सुरी धरतो. एकदा चिरलेल्या मानेत व्रणाच्या जाळ्यात नसा ओळखणं आणखी अवघड होतं आणि मोल मूल मोजतं.

सुईने आटवणं

सुदैवाने आता हातात केवळ सुरी नाही. मोठ्या पिशव्यांच्या गाठीवर बहुतेक ठिकाणी पहिला विचार इंजेक्शनचा होतो. सोनोग्राफीत बघत पिशवीत सुई घालतात, पाणी ओढून घेतात आणि तिथेच औषध सोडतात. औषधाने पिशवीच्या आतल्या अस्तराला सूज येते, भिंती एकमेकींना चिकटतात आणि जागा आटते.

ही वाट जपानने दाखवली. हामाओ उमेझावा यांनी तिथे एका जिवाणूपासून ब्लिओमायसिन हे कॅन्सरवरचं औषध शोधलं होतं. ते मुलांच्या या साध्या गाठींत वापरून जपानी सर्जननी 1977 साली त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. पुढे 1987 साली क्योतोच्या ओगिता यांनी ओके-432 हे, निष्प्रभ केलेल्या जिवाणूपासून बनवलेलं औषध वापरून दाखवलं. आपल्याकडे ओके-432 सहज मिळत नाही. ब्लिओमायसिन मिळतं आणि त्यामानाने स्वस्त आहे, म्हणून भारतातल्या सरकारी रुग्णालयांत तेच जास्त वापरलं जातं. डॉक्सिसायक्लिनसारखी दुसरी औषधंही आहेत.

गल्लीतल्या एका मुलीची गोष्ट सांगते. जन्मतः तिच्या डाव्या कानाखाली लिंबाएवढी गाठ होती. वर्षाच्या आत ऑपरेशन झालं. तिसऱ्या वर्षी गोवराच्या तापाबरोबर ती परत आली, या वेळी जबड्याखालपर्यंत. पुन्हा कापायचं की नाही यावर घरात वाद झाले. शेवटी ब्लिओमायसिन द्यायचं ठरलं. पहिल्या इंजेक्शननंतर दोन दिवस ताप आला आणि गाठ आधीपेक्षा मोठी दिसू लागली. आजी म्हणाली, पैसे पाण्यात गेले. ती सूज औषधाची होती आणि ती येणारच होती. पुढच्या काही आठवड्यांत गाठ मऊ पडली, मग लहान झाली. काही आठवड्यांच्या अंतराने आणखी इंजेक्शनं झाली. आज ती आठवीत आहे. जबड्याखाली किंचित भरलेपण आहे, ते तिला आणि आम्हाला माहीत आहे, परक्याला सांगितल्याशिवाय दिसत नाही. ओठ सरळ आहे, आवाज खणखणीत आहे. त्या उरलेल्या भरलेपणाला कोणी हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि घरानेही ते आता मानलं आहे.

या इंजेक्शनमागे नर्सचं पुष्कळ काम असतं. ब्लिओमायसिन दिल्यानंतर कातडीवर चिकटपट्टी ओढली गेली किंवा ओरखडा उठला, तर तिथे काळपट पट्टे उमटतात आणि ते बरेच महिने जात नाहीत. म्हणून पुढचे एक-दोन दिवस आम्ही त्या मुलाच्या अंगाला चिकटपट्टी लावत नसू, आयांना नखं कापायला सांगत असू, बांगड्या उतरवून ठेवायला सांगत असू. याहून महत्त्वाचं म्हणजे हे औषध जास्त झालं तर फुप्फुसांना इजा करतं. एकूण किती मात्रा गेली त्याला मर्यादा आहे, आणि पुढे कधी दुसऱ्या कशासाठी भूल द्यायची वेळ आली तरी भूलतज्ज्ञाला हे औषध दिल्याचं कळायला हवं. एका बापाने घर बदलताना मुलाची फाइल हरवली. आधी किती ब्लिओमायसिन गेलं ते कोणालाच सांगता येईना आणि हाताशी असलेला चांगला उपाय वापरायला डॉक्टर धजेनात. तेव्हापासून मी फाइलला औषधच समजते.

जिभेच्या बुडाशी किंवा श्वासनळीजवळ गाठ असेल तर इंजेक्शननंतरची सूज श्वास कोंडू शकते. अशा मुलाला अतिदक्षता विभागाखेरीज सुई लावायची नाही. काहींना त्याआधी गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी बसवावी लागते.

ईस्टर बेटावरची माती

बारीक पिशव्यांच्या पसरलेल्या गाठीत सुईला आणि सुरीला दोघांनाही मर्यादा आहेत. तिथे गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक तोंडाने घ्यायचं औषध आलं, सिरोलिमस. त्याची कथा आपल्या माणसाशी जोडलेली आहे. 1964 साली कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली आणि तिथल्या मातीचे नमुने घेऊन आली. मॉन्ट्रियलमधल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत त्या मातीतल्या जिवाणूपासून हे द्रव्य वेगळं केलं ते सुरेंद्रनाथ सहगल यांच्या गटाने. सहगल बनारस हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र शिकलेले. कंपनीने प्रयोगशाळा बंद केली आणि हे काम थांबवलं, तेव्हा त्यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीजमध्ये जपून ठेवला आणि काही वर्षांनी काम पुन्हा सुरू करून घेतलं. 1999 साली मूत्रपिंड रोपणासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. सहगल 2003 साली गेले.

पेशींना वाढीचा हुकूम देणारी जी साखळी पीआयके3सीएच्या बदलाने सतत चालू राहते, तिच्यातलीच एक कडी हे औषध रोखतं. 2016 साली अमेरिकेतल्या डेनिस ॲडम्स आणि सहकाऱ्यांनी रक्त आणि लसिकावाहिन्यांच्या गुंतागुंतीच्या दोषांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. बहुतेक रुग्णांना सहा महिन्यांत काही ना काही फायदा झाला. गाठ आकसली, दुखणं, पाझरणं किंवा श्वासाचा त्रास कमी झाला. गाठ समूळ नाहीशी मात्र एकाचीही झाली नाही. एवढ्या नेमक्या जागी काम करणारं औषधही आवर घालतं, पुसून टाकत नाही, ही गोष्ट आईवडिलांनी नीट ऐकावी. औषध बंद केल्यावर काहींची गाठ पुन्हा वाढते. तोंड येणं, रक्तातली चरबी वाढणं, जंतुसंसर्गाचा धोका, यांसाठी रक्त वरचेवर तपासावं लागतं आणि कोणती लस कधी द्यायची हेही डॉक्टरांना विचारूनच ठरवावं लागतं. त्या जनुकाच्या कामावर थेट बोट ठेवणारं अल्पेलिसिब हे औषधही आता आलं आहे. या जनुकामुळे शरीराचा एखादा भाग बेसुमार वाढणाऱ्या गंभीर आजारात, दोन वर्षांवरच्या रुग्णांसाठी, अमेरिकेत 2022 साली त्याला मान्यता मिळाली.

घरच्यांच्या हातात असलेलं

डॉक्टर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा भेटतात. बाकीचे दिवस मूल घरी असतं, म्हणून हा भाग मी आयांना पाठ करून घ्यायला लावते.

दर महिन्याला एकाच जागी, एकाच उजेडात मोबाइलवर मुलाच्या मानेचे समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढावेत. ‘थोडी वाढली वाटते’ यापेक्षा सहा महिन्यांचे फोटो डॉक्टरांना जास्त सांगतात. फाइल एकच असावी, तीत ऑपरेशनचा कागद, काढलेल्या गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, एमआरआय आणि प्रत्येक इंजेक्शनची मात्रा असावी, आणि सगळ्याचे फोटो बापाच्या आणि मामाच्या मोबाइलमध्येही असावेत.

दात स्वच्छ ठेवावेत, किडलेला दात भरून घ्यावा, तापाचं दुखणं अंगावर काढू नये. गाठ लाल, गरम, दुखरी झाली तर डॉक्टर बहुधा जंतुनाशक औषध देतात आणि सूज उतरेपर्यंत ऑपरेशन पुढे ढकलतात. त्या घाईत कापून घेण्याचा हट्ट धरू नये. नाक्यावरच्या दवाखान्यात नुसती सुई घालून पाणी काढून घेऊ नये. दोन दिवस गाठ बसते, मग भरते, आणि मधल्या काळात जंतू आत गेलेले असतात. शेक, लेप, चटका यांपैकी काहीही नको. तापलेल्या सळईने डागलेली लेकरं आमच्याकडे यायची. त्या कातडीवर पुढे सर्जनला काम करणंही कठीण जातं.

मुलाच्या श्वासाला घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, जीभ सुजली, लाळ गळू लागली, दूध गिळेना, तर रात्र असो की पहाट, वाट पाहू नये. 108ला फोन करावा आणि मोठं रुग्णालय गाठावं.

उज्जैनहून इंदूर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. तिथे महाराजा यशवंतराव रुग्णालय आहे, भोपाळला एम्स आहे. महाराष्ट्रातल्या घरांसाठी मुंबईत परळला 1929 पासून मुलांसाठीच चालणारं बाई जेरबाई वाडिया रुग्णालय आहे, पुण्याला ससून आहे. जिथे मुलांचा सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि मुलांना भूल देणारा तज्ज्ञ एकत्र बसून ठरवतात, तिथेच जावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला, तोही महाराष्ट्रातल्या पालघरहून. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलांना तपासायला येतं. अंगणवाडीताईला मुलाची मान दाखवून ठेवावी, तिच्याकडून मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळवणं सोपं जातं. घरात आयुष्मान कार्ड असेल तर ते भरती होण्याआधी दाखवावं.

आणि शाळा. गाठ असलेल्या मुलाला वर्गात नावं पडतात. मास्तरांना किंवा बाईंना घरच्यांनी आधीच जाऊन सांगावं की ही लागण नाही, कोणाला लागत नाही, फक्त खेळताना मानेवर जोराचा मार बसू देऊ नका. मूल सात-आठ वर्षांचं झालं की त्याला स्वतःलाही सगळं सांगावं. आपल्या मानेत काय आहे ते ठाऊक असलेलं मूल प्रश्नाला उत्तर देतं. ज्याच्यापासून ते लपवलं, ते मूल शाळा चुकवतं.

यश कशाला म्हणायचं

रुग्णालयातून मूल घरी गेलं की सरकारी नोंदीत एक ऑपरेशन पूर्ण होतं. योजनेचे पैसेही त्या ऑपरेशनचेच मिळतात. पण या मुलांचा उपचार दहा-पंधरा वर्षं चालतो आणि त्यातला मोठा भाग फेऱ्यांचा असतो: बसचं भाडं, बुडालेली मजुरी, दाखवून येण्याचा दिवस. हातावर पोट असलेलं घर त्या फेऱ्यांतच गळतं. मला मनापासून वाटतं की अशा मुलांची जिल्ह्याच्या ठिकाणी नावनिशी नोंद असावी, नुसतं दाखवायला यायचंही भाडं त्यांना मिळावं आणि फेरी चुकली की कोणीतरी फोन करून विचारावं. आमच्या वॉर्डात एक सिस्टर जुन्या वहीतून आपणहून फोन करायची. तिच्या फोनमुळे परत आलेली मुलं मी पाहिली आहेत. हे एका बाईच्या चांगुलपणावर सोडण्यासारखं काम नाही.

आईवडिलांना मी एवढंच सांगते की पुढच्या वेळी डॉक्टरांना ‘गाठ कधी जाईल’ याच्या आधी तीन प्रश्न विचारा. माझ्या मुलाचा श्वास मोकळा राहील का? ते नीट गिळेल, बोलेल का? त्याचा चेहरा हलता राहील का? या तिन्हींना ‘हो’ उत्तर मिळत असेल, तर मानेत उरलेल्या चार पिशव्यांसह ते मूल बरं आहे. त्याला शाळेत पाठवा, लग्नाच्या वरातीत नाचू द्या आणि पुढची तारीख चुकवू नका.